कोकणातल्या घरात संपूर्ण घराचा डीह्युमिडिफायर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत. बैठं घर, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब आणि स्लॅबवर पत्र्याची शेड. क्षेत्रफळ १,१०० चौरस फूट, उंची १० फूट, म्हणजे आत साधारण ३१० घनमीटर हवा. माणसं चार. मे महिन्याच्या शेवटी दिवसाला ९० लिटर क्षमतेचं, डक्टला (हवा खोल्यांत नेणाऱ्या नळाला) जोडायचं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, बसवलं. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत आर्द्रता, निघालेलं पाणी आणि जळलेली युनिटं रोज वहीत लिहिली आहेत. खालचे आकडे त्या वहीतले.

जुलैत बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना आत ५४ ते ५८ टक्के राहिली. पोहे-पापड सादळले नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी आली नाही, दारं फुगून अडकली नाहीत, पांघरुणांना तो ओलसर कुबट वास आला नाही. पण यंत्र आणलं आणि हे झालं, असं नाही. पहिल्या आठवड्यात हेच यंत्र चोवीस तास अखंड चालून रोज ७० लिटर पाणी काढत होतं, तरी घर ६८ टक्क्यांच्या खाली येत नव्हतं. यंत्रात दोष नव्हता. घर उघडं होतं.

लिटरचा हिशोब

खोक्यावरचे ९० लिटर हे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. घरात तुम्हाला हवी असते ती २७ अंश आणि ५५ टक्के हवा. त्या हवेत पाणीच कमी, त्यामुळे यंत्राच्या हाती कमी लागतं. एक लिटरची बाटली ड्रेनच्या तोंडाशी धरून घड्याळ लावलं, तर ५५-६० टक्क्यांना ती २५ ते २६ मिनिटांत भरते. म्हणजे तासाला २.३ ते २.४ लिटर, दिवसाला ५५ ते ५८ लिटर. खोक्यावरच्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के धरूनच यंत्र निवडा. अमेरिकेत मोजमापाची पद्धत वेगळी आहे. तिथे २०१९ पासून डक्टवाल्या यंत्राची क्षमता ७३ अंश फॅरनहाइट आणि ६० टक्क्यांना मोजतात. त्यामुळे ह्यूस्टन किंवा फ्लोरिडातल्या नातेवाइकांच्या यंत्रावर लिहिलेला आकडा आणि इथला आकडा समोरासमोर ठेवून तुलना करू नका.

आता घराची गरज. २७ अंशांच्या एक घनमीटर हवेत ९० टक्क्यांना सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं आणि ५५ टक्क्यांना सुमारे १४. म्हणजे बाहेरचा प्रत्येक घनमीटर ९ ग्रॅम जादा पाणी घेऊन आत येतो. पहिल्या आठवड्यातल्या ७० लिटरवरून उलट गणित केलं तर घरातली सगळी हवा तासाला दीड वेळा बदलत होती. त्या गतीने ५५ टक्के गाठायचे तर दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी काढावं लागलं असतं. आणखी मोठं यंत्र घ्यायचं की फटी बुजवायच्या, हा निर्णय इथे होतो. फटी बुजवणं कितीतरी स्वस्त पडतं.

फटी कुठे सापडल्या

वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघराची चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावायचा, सगळी दारं-खिडक्या बंद करायच्या आणि पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरायचं. धूर कुठे आत ढकलला जातो ते दिसतं. खिडक्यांच्या फटी अपेक्षितच होत्या. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या कडेची लोकरीची पट्टी दहा वर्षांत चपटी होते, ती सगळी बदलली. रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जायला जी छोटी भोकं असतात ती मात्र बुजवू नका, नाहीतर झडीचं पाणी रुळावरून आत उतरतं. खिडक्यांवरच्या व्हेंटिलेटरच्या जाळ्यांना आतून ४ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट लावली. मुख्य दाराच्या खाली ब्रशची पट्टी बसवली.

सगळ्यात मोठी गळती निघाली ती स्विचबोर्डांतून. शेडमध्ये उघड्या राहिलेल्या वायरिंगच्या पाइपांतून बाहेरची दमट हवा थेट भिंतीतून खाली येत होती. हॉलमधल्या एका बोर्डाजवळ उदबत्तीचा धूर आडवा होत होता. शेडमधली त्या पाइपांची तोंडं डक्टसीलच्या मातीने बंद केली. एसीच्या पाइपांसाठी भिंतीला पाडलेल्या भोकांत फोम भरला. या सगळ्याला सुतार आणि इलेक्ट्रिशियन मिळून तीन दिवस लागले आणि त्यानंतर यंत्र पहिल्यांदा आपणहून बंद झालं.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणाऱ्या ॲसिडच्या वाफा यंत्राच्या तांब्याच्या कॉइलला (जिच्यावर हवेतलं पाणी जमतं ती थंड नळी) खातात. दुकानात ‘न्यूट्रल’ म्हणून मागा.

एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्या बाथरूमचं व्हेंटिलेशन कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात. आधी गिझर विजेचा करा किंवा बाहेर हलवा, मग घर बंद करा.

घर इतकं बंद केलं की ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागते. यंत्राच्या हवा ओढणाऱ्या बाजूला बाहेरून १०० मिलिमीटरचा पाइप आणला, त्यात डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) आणि बाहेरच्या तोंडाला जाळी. तासाला साधारण ११० घनमीटर ताजी हवा येते आणि ती यंत्रातून कोरडी होऊनच खोल्यांत जाते. एवढ्याने घरात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो आणि उरलेल्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. खोलीत ठेवायच्या सुट्या यंत्रात ही सोय नसते. संपूर्ण घराचं यंत्र घेण्याचं माझ्या मते हेच सर्वांत भक्कम कारण आहे. जुलैतलं रोजचं पाणी यानंतर सरासरी ३८ लिटरवर आलं.

यंत्राची जागा आणि डक्ट

ठेकेदाराचा आग्रह होता की यंत्र स्लॅबवर शेडमध्ये ठेवू, आवाज होणार नाही. तसं करू नका. तिथे ठेवलं तर हवा ओढणारा डक्टही शेडमधून जाणार. तासाला ८०० घनमीटर हवा ओढणाऱ्या डक्टचे सांधे १० टक्के गळाले, तर ८० घनमीटर ओली हवा आत येते. ९ ग्रॅमने गुणा, २४ तासांनी गुणा: दिवसाला १७ लिटर फुकट काम. शिवाय खारी हवा पत्रा आणि कॉइल दोन्ही खाते. यंत्र पॅसेजवरच्या माळ्यावर, म्हणजे घराच्या कोरड्या भागातच, १० मिलिमीटरच्या चार आटे पाडलेल्या सळयांवर रबरी वॉशर घालून टांगलं आहे. वजन ६० किलोच्या वर असतं, त्यामुळे अँकर स्लॅबमध्येच हवेत, फॉल्स सीलिंगच्या चौकटीत नाही.

मुख्य डक्ट २५० मिलिमीटर, त्यातून चार खोल्यांना १५० मिलिमीटरच्या चार शाखा. प्रत्येक शाखेतून तासाला २०० घनमीटर हवा गेली तर वेग सेकंदाला ३ मीटरच्या थोडा वर राहतो आणि जाळीचा आवाज ऐकू येत नाही. शाखा १०० मिलिमीटरच्या केल्या तर हाच वेग ७ मीटर होतो आणि रात्री शिट्टी वाजते. हवा ओढणारी जाळी एकच, पॅसेजमध्ये, ६०० बाय ३०० मिलिमीटर. स्वयंपाकघर आणि बाथरूमला डक्ट दिलेला नाही.

एसीची कामं करणारे कारागीर इथेही जाड इन्सुलेशन सुचवतात, पण या यंत्राची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम आणि कोरडी असते, डक्टला बाहेरून घाम येत नाही. इन्सुलेशनचे पैसे सांध्यांवर घाला: मॅस्टिक (सांधे बुजवायचा चिकट लेप), वरून ॲल्युमिनियम टेप. नुसती टेप दमट हवेत वर्षभरात सुटते.

आता एक चूक, जी इथे झाली आणि बहुतेक ठिकाणी होईल. बेडरूमचं दार रात्री बंद केलं की त्या खोलीत डक्टची हवा येत राहते, पण परत जायला वाट नसते. दाराखाली एक सेंटीमीटरची फट पुरत नाही. खोलीत दाब वाढतो, कोरडी हवा खिडकीच्या फटींतून बाहेर जाते आणि तेवढीच ओली हवा हॉलच्या फटींतून आत ओढली जाते. वहीत हे स्पष्ट दिसतं: पहिल्या पंधरा दिवसांत रात्री हॉलची आर्द्रता ६ ते ७ टक्क्यांनी चढायची. प्रत्येक बेडरूमच्या दारावर ३०० बाय २०० मिलिमीटरची जाळी बसवली आणि ते थांबलं. जुन्या घरांत दारांवर आडव्या गजांचे झरोके असायचे. तुमच्याकडे अजून असतील तर ते बुजवू नका, हे काम तेच करतील.

पाण्याची वाट

सगळ्या बसवणुकीतली हीच जागा अशी, की जिथे अर्ध्या फुटाच्या पाइपने छत खराब होतं. यंत्राच्या आत कॉइलखाली ट्रे असतो आणि पंखा कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे ट्रेवरचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. ड्रेनचा पाइप सरळ सोडला तर त्या पाइपातून हवा आत ओढली जाते आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहतं. पाइपच्या तोंडाशी कागदी रुमालाचा तुकडा धरा, तो आत चिकटेल. पंखा चालू असेपर्यंत सगळं कोरडं दिसतं. पंखा बंद झाला की साठलेलं पाणी एकदम सुटतं, ट्रेच्या काठावरून उतरतं आणि छतावर डाग येतो. स्प्लिट एसीला सरळ पाइप चालतो, म्हणून कारागीर इथेही सरळच सोडतो.

उपाय यू-ट्रॅप, म्हणजे पाइपला दिलेला यू आकाराचा वाक. त्यात पाणी उभं राहतं आणि हवेची वाट अडते. ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या टोकापर्यंत किमान ५० मिलिमीटर उतार हवा आणि ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. म्हणूनच यंत्राच्या तळाखाली १५० मिलिमीटर मोकळी जागा आधीच सोडावी लागते. टांगून झाल्यावर ती मिळत नाही. ट्रॅपचा खालचा वाक पारदर्शक नळीचा केला आहे, पाणी उभं आहे की नाही ते टॉर्च मारून दिसतं. पुढे २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, मीटरला १० मिलिमीटर उतार, शेवट बाहेरच्या पन्हाळीत. शेवटच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर मुंग्या आणि पालीची पिल्लं आत शिरतात. यंत्राखाली दुसरा पसरट पत्र्याचा ट्रे आणि त्यात फ्लोट स्विच. पाणी चढलं की यंत्र बंद. ऑगस्टमध्ये शेवाळी चिकट थराने पाइप तुंबला, तेव्हा छत या स्विचमुळेच वाचलं. त्यानंतर दर महिन्याला कपभर व्हिनेगर आणि मागून तांब्याभर पाणी सोडतो.

हे पाणी शुद्ध दिसतं, पण ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका आणि पिऊ तर मुळीच नका. कॉइलचा धातू आणि जिवाणू त्यात उतरलेले असतात. फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं.

वीज आणि उष्णता

जुलैत रोज सरासरी १७ युनिटं, म्हणजे युनिटला सव्वादोन लिटर. यंत्र १६ तासांच्या आसपास चाललं. महिन्याला पाचशेच्या वर युनिटं ही छोटी गोष्ट नाही आणि वीजबिलात वरच्या टप्प्याचा दर लागतो, हे घेण्याआधी गृहीत धरा. ऑक्टोबरमध्ये रोज १० युनिटं, डिसेंबरमध्ये दोनच्या खाली.

यंत्र घर गार करत नाही, गरम करतं. एक लिटर वाफेचं पाणी झालं की सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता घरात सुटते, त्यात यंत्राने खाल्लेली वीज मिळवा. जुलैत घर दीड-दोन अंशांनी गरम राहिलं. कोरड्या हवेत पंख्याखाली ते जाणवत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र जाणवतं. तेव्हा यंत्र ५५ टक्क्यांवर आणि बेडरूमचा एसी २७ अंशांवर, अशी जोडी बरी चालली.

‘एसी आहेच की, मग हे कशाला?’ हा प्रश्न सगळे विचारतात. पावसाळ्यात बाहेरच २६-२७ अंश असतात. एसीने खोली पटकन गार होते आणि कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, मग कॉइल पुरेशी थंड राहत नाही. पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. खोली गार आणि ओली होते, आणि गार ओल्या भिंतीवर बुरशी आणखी लवकर धरते.

याच कारणाने यंत्राचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा, ‘कायम चालू’वर नाही. आणि यंत्राच्या आतल्या सेन्सरवर विसंबू नका. पंखा थांबला की ओल्या कॉइलशेजारी तो जास्तच दाखवतो आणि यंत्र उगाच चालू-बंद होत राहतं. पॅसेजच्या भिंतीवर दीड मीटर उंचीवर वेगळा ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता पाहून यंत्र चालू-बंद करणारा स्विच) लावला आहे.

आर्द्रतामापक मिठाने तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ते दाट ओलं होईल इतकेच पाण्याचे थेंब, झाकण आणि मापक दोन्ही घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. इथल्या दोन स्वस्त मापकांपैकी एकाने ६८ दाखवले, दुसऱ्याने ८१. फरक मागच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेही साधारण ७५ टक्क्यांपुढेच. स्वयंपाकघरातला हा जुना मापक कामाचा आहे.

कोकणातली वीज हा वेगळा विषय. यंत्राला वीज परत आल्यावर आपणहून चालू होण्याची सोय आहे का, हे दुकानातच प्लग काढून आणि लावून पाहा. नसेल तर घेऊ नका. स्टॅबिलायझर तीन मिनिटं उशिराने चालू होणाराच हवा, कारण कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू झाला तर अडकून जळतो. चार तास वीज गेली तेव्हा घर ५६ वरून ६८ टक्क्यांवर गेलं आणि उतरायला सहा तास लागले.

भिंती आणि लाकूड

सेटिंग पहिल्याच दिवशी ५५ वर आणू नका. ८५ टक्के आर्द्रतेत लाकडात १७-१८ टक्के पाणी असतं, ५५ ला ते १० वर येतं. फणसाचं जुनं कपाट, सागवानी दारं, पेटी, तबला हे सगळं आकसतं. फटी बुजवल्यावर आठवड्याला पाच टक्के या हिशोबाने ७० वरून ५५ वर आलो, तरी एका फणसाच्या फळीला बारीक चीर गेली.

चिऱ्याच्या भिंतीत जोत्यापासून चढलेली ओल असते. आतली हवा कोरडी झाली की ती ओल आतल्या बाजूने वेगाने सुकते आणि सोबतचे क्षार पृष्ठभागावर सोडते. पहिल्या सहा आठवड्यांत जोत्यापासून दोन फुटांपर्यंत पांढरा लोणा फुटला. घाबरून ओल्या फडक्याने पुसू नका, तो विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत उचला. तिथे प्लास्टिक इमल्शन लावलेलं असेल तर पोपडे येणारच. आम्ही तेवढा पट्टा खरवडून चुन्याचा ठेवला. भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा होत असेल तर तो आधी थांबवायला हवा, हे यंत्राचं काम नाही. पश्चिमेच्या पडवीला झाप लावायची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे.

घरातल्यांनी बदलायच्या सवयी

उघडीप पडली, उन्हं आली की खिडक्या उघडायचा हात आवरावा लागतो. ऊन पडलं तरी हवेतलं पाणी तेवढंच असतं. एकदा सगळी हवा बदलली की तीन लिटर पाणी आत आलं. बाथरूमचा एक्झॉस्ट दिवसभर चालू राहिला तर तासाला २५० घनमीटर हवा काढतो आणि तेवढी ओली हवा आत खेचतो, म्हणजे दिवसाला ५४ लिटर. त्याला २० मिनिटांचा टायमर लावा. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी फटीइतकी उघडी, म्हणजे ती बाहेरचीच हवा ओढते. धुतलेल्या कपड्यांच्या एका फेरीत दोन-तीन लिटर पाणी असतं. कपडे एकाच खोलीत, डक्टच्या जाळीखाली वाळत घातले की रात्रीत वाळतात.

फिल्टर पावसाळ्यात दर १५ दिवसांनी धुवा आणि दोन संच ठेवा, म्हणजे ओला फिल्टर परत बसवावा लागत नाही. कॉइलवर बर्फ दिसला तर या हवामानात कारणं बहुतेक वेळा दोनच: फिल्टर तुंबलाय किंवा गॅस कमी झालाय. आधी फिल्टर पाहा.

डिसेंबरमध्ये दुपारची हवा कोरडी झाली की खिडक्या उघडल्या. यंत्र बंद करण्याआधी दोन तास नुसता पंखा चालवून कॉइल सुकवली, ताज्या हवेचा डँपर बंद केला. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं. मेच्या शेवटी यंत्र चालू करताना ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ट्रॅप आधी भरून घ्यायचा आहे, तेवढी चिठ्ठी माळ्याच्या दारावर चिकटवून ठेवली आहे.